आपल्याकडे दोन माणसं लागतात

“वास येतोय तोवर भ्यायचं नाही, पोरी. वास यायचा थांबला की पळायचं.” डिपमामांनी मला हे सांगितलं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, डोक्यावरचं पिवळं हेल्मेट दर दोन पायऱ्यांनी डोळ्यांवर घसरत होतं, आणि मी हसले होते. “मामा, उलटं सांगताय तुम्ही,” असंही म्हणाले होते. ते म्हणाले, “उलटंच आहे ते. सरळ असतं तर सांगायला कशाला लागलं असतं?” मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, तेलशुद्धीकरण कारखान्यात सहा महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून आलेली. संख्याशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीला तिथे नेमकं काय दाखवायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मला मामांच्या हवाली केलं होतं. कच्च्या तेलाच्या टाकीत तेल किती उरलंय ते रोज सकाळी मोजायचं, हे त्यांचं काम. टाकीच्या माथ्यावर चढायचं, झाकण उघडायचं, पितळी वजन लावलेली पोलादी फीत आत सोडायची, तळाला टेकली की वर ओढायची आणि तेलाचा ओला डाग कुठवर आलाय तो आकडा वाचायचा. ह्याला डिप म्हणतात. कालच्या डिपमधून आजचा डिप वजा केला की कारखान्यानं चोवीस तासांत किती तेल गिळलं ते कळतं. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. “एवढे भाचे,” ते म्हणायचे, “आणि सख्खी बहीण एकसुद्धा नाही मला.”

झाकण उघडलं की वाफ येते आणि वाफेला सडक्या अंड्यांसारखा वास असतो. तो विषारी वायू. थोडा असतो तोवर नाक कुरकुरतं. जास्त झाला की नाकच बंद पडतं, आणि माणसाला वाटतं, वा, हवा मोकळी झाली. मुखवटा असायचा, पण तो लावला की काचेवर वाफ धरते आणि आकडा दिसत नाही, म्हणून तो बहुतेक वेळ हनुवटीखाली लोंबत असायचा. “आपलं आपल्याला कळत नाही,” मामा म्हणाले. “नाक मेलं तर ‘मी मेलो’ म्हणून सांगायला नाक उरत नाही. म्हणून दुसरा लागतो.” दुसरा म्हणजे जोडीदार. त्यालाही सगळे जोडीदारच म्हणत. किडकिडीत माणूस, खिशात कंगवा, वारा पाठीवर घेऊन चार पावलांवर उभा. तो काहीच करायचा नाही. फक्त मधून मधून विचारायचा, “येतोय का?” मामा फितीवरची नजर न हलवता म्हणायचे, “येतोय.” हे दहा-बारा वेळा चालायचं. पण कधी कधी जोडीदार मध्येच थांबून विचारायचा, “कसा?” आणि मामा म्हणायचे, “तुझ्या मोज्यांसारखा.” मला हा पोरखेळ वाटला होता. मी तसं म्हटलंही. तर जोडीदार पहिल्यांदाच माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, ‘येतोय’ सवयीनं पण म्हणतो माणूस. ‘कसा’ विचारलं की अडखळतो. अडखळला की मी कॉलर धरून खाली आणतो.” मामा म्हणाले, “आमचं लग्नच लागलंय ह्या टाकीवर. स्वयंपाक कोणी करायचा तेवढं ठरायचंय.” मी पुन्हा हसले. मी त्या सहा महिन्यांत फार हसले. वहीत मात्र ह्यातलं काही लिहून घेतलं नाही. वहीत फक्त आकडे.

हे सगळं मला गेल्या महिन्यातल्या मंगळवारी, सकाळी साडेनवाला, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आठवलं. भिंगरीला ताप होता. भिंगरी माझी मुलगी, चार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी, पण त्या दिवशी दुलई पांघरून सोफ्यावर मुकाट पडली होती. म्हणून मी घरून काम करत होते. मला स्वतःला सर्दी. तिचीच, तिनं दिलेली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यात तिमाहीचा तक्ता, आणि शेगडीवर तिच्यासाठी दूध. तक्त्यात मी एका रकान्यात अडकले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग मागून दुलई फरफटत आल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, “आई, घाण वास येतोय.” मी म्हणाले, “नाही गं राणी, कुठे?” आणि म्हणताना एक दीर्घ श्वास घेतला, अगदी प्रामाणिकपणे, आणि मला काही म्हणजे काही आलं नाही. हवा मोकळी होती. ती नाक दाबून उभी. मग मी उठले. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं, ज्योत विझली होती आणि गॅस बारीक सूं असा आवाज करत चालला होता. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, तिला उचलून जिन्यात नेऊन बसवलं. एवढंच. काहीही झालं नाही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, सर्दीत होतं असं. आणि कळलं ना वेळेवर?” कळलं. पण मला नव्हतं कळलं. मला विचारलं असतं तर मी ‘हवा चांगली आहे’ असं छातीठोक सांगितलं असतं, सांगितलंच की. जिन्यात बसल्या बसल्या भिंगरीचा तापलेला गाल माझ्या मानेला लागला होता. मला आधी मुलीसाठी भय वाटलं, हे खरं. पण दुसऱ्याच क्षणाला जी आठवण आली तिनं माझे कान गरम झाले. मामा एकटे राहतात. मामांना वास येत नाही. आणि ते मला माहीत होतं, तीन महिन्यांपासून.

कसं माहीत होतं ते सांगायचं तर मागे जायला हवं, आणि मागे जायला मला आवडत नाही. मी आता कंपनीच्या मुख्य कचेरीत आहे, कारखान्यापासून सहा तासांवर. आमच्या कंपनीचे दोन कारखाने. एक इथला, त्याला कचेरीत ‘घरचा’ म्हणतात. दुसरा समुद्रापलीकडे विकत घेतलेला, तो ‘बाहेरचा’. माझं काम ह्या दोघांचं उत्पादन शेजारी शेजारी मांडायचं. डावीकडे घरचा, उजवीकडे बाहेरचा, खाली वाढ किंवा घट टक्क्यांत. बाहेरच्याचे आकडे आपोआप येतात, टाक्यांना यंत्राचे काटे बसवलेत. घरच्याचे आकडे रोज सकाळी साडेसातच्या आत फोनवर यायचे, आणि फोनवर असायचे मामा. “चौदा नंबर, घे लिहून,” असं सुरू व्हायचं आणि शेवटी, “भिंगरी झोपली का रात्री?” ती तान्ही होती तेव्हापासून ते हे विचारत. रजा संपवून मी कामावर परतले तेव्हा कचेरीत कुणीच विचारलं नव्हतं. तिथे मी ‘पाचला निघणारी’ झाले होते. कुणी बोलत नसे, पण पाच वाजले की माझ्या पर्सच्या चेनचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो असं मला वाटायचं. मी ती चेन एकेक दात मोजत हळू ओढायचे. आमचे साहेब प्रत्येक गोष्ट टक्क्यांत विचारतात. बायको कशी आहे विचारलं तर ‘ऐंशी टक्के बरी’ म्हणतात, म्हणून त्यांना पाठीमागे टक्केसाहेब म्हणतात. त्यांनी एके दिवशी मला बोलावून म्हटलं, “घरचा आणि बाहेरचा, दोन्हीकडे मनुष्यबळ किती, ह्यावर एक टिपण हवं. दोन पानं. तुमचं लिखाण सुटसुटीत असतं.” मला किती आनंद झाला होता! पाचला निघणारीचं लिखाण सुटसुटीत असतं.

टिपण मी दोन दिवसांत केलं. एक परिच्छेद होता, ‘हातानं होणारी कामं.’ त्यात दोन उदाहरणं झाली होती आणि परिच्छेद आखूड दिसत होता. तिसरं हवं होतं. मला टाकी आठवली. मी लिहिलं: ‘टाकीतील तेल मोजण्यास बाहेरच्या कारखान्यात एकही माणूस लागत नाही; आपल्याकडे दोन माणसं लागतात, त्यांपैकी एक केवळ उभा असतो.’ वाक्य वाचून बघितलं. अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंचा तोल छान साधला होता. ‘केवळ उभा असतो’ ह्यात किंचित विनोदही होता, आणि तो टक्केसाहेबांना कळेल असं वाटून मी गालात हसले. बाहेरच्या कारखान्यात एकही माणूस लागत नाही हे मला कुणी सांगितलं होतं? त्यांच्या माहितीपुस्तिकेत छापलं होतं, चकचकीत कागदावर, टाकीच्या चित्राखाली. मी कुणाला फोन करून विचारलं नाही. टिपण परत आलं तेव्हा त्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात ‘उत्तम’. तो कागद मी घरी आणला होता. नवऱ्याला दाखवला होता. हे लिहिताना माझे कान पुन्हा गरम झालेत, पण लिहिलंच पाहिजे: मी तो कागद पुरे दोन दिवस फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवला होता, भिंगरीनं काढलेल्या मांजरीच्या शेजारी.

महिन्यानं मामांचा फोन नेहमीसारखा आला. चौदा नंबरचा आकडा सांगून झाल्यावर ते म्हणाले, “आजपासून मी विधुर बरं का, दुसऱ्यांदा.” मामी पूर्वीच गेल्या होत्या. “जोडीदाराला काढला. वरून कागद आलाय म्हणे. ह्या कामाला एकच माणूस.” मी पेन हातात धरून बसले. “कुणीतरी शहाण्यानं लिहिलंय, एक नुसता उभा असतो म्हणून. तुझ्याच तिथे बसत असेल बघ एखादा. भेटला तर सांग त्याला, एकदा चढ म्हणावं मामांबरोबर.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुणीतरी असेल बिचारा, चढलेला नाही म्हणून त्याला ठाऊक नाही, असा सूर. आणि मी तर चढले होते. मी म्हणाले, “सांगते, मामा.” हसूनसुद्धा म्हणाले असेन. ‘मामा, मीच’ हे दोन शब्द जिभेवर आले आणि तिथेच थांबले. बसमध्ये पुढे जागा असूनही दारातच उभं राहणारी माणसं असतात तसे. मग मी स्वतःला समजावलं. एका वाक्यानं कुणी माणसं काढतं का? वर किती जण असतात, किती बैठका होतात. मी फक्त तुलना केली. हे मी इतक्या वेळा म्हटलं की ते मला पाठ झालं.

त्याच सुमारास बाहेरच्या कारखान्यातलं गंधक काढायचं यंत्र बिघडलं आणि तो अर्धा बंद झाला. ज्या कच्च्या तेलात गंधक जास्त त्याला आमच्याकडे आंबट तेल म्हणतात. स्वस्त असतं, पण वासाचं आणि विषाचं. ते तिकडे जायचं. आता ती जहाजं वळवून घरच्या कारखान्याकडे आणली. तिमाहीच्या तक्त्यात उजवीकडे एक्क्याण्णवाचे चौऱ्याहत्तर झाले आणि डावीकडे शहाण्णवाचे एकशे आठ. क्षमतेच्या एकशे आठ टक्के! कचेरीत चहाबरोबर बिस्किटं आली. टक्केसाहेब म्हणाले, “घरच्यांनी लाज राखली.” त्यांनी माझा तक्ता भिंतीवर मोठा करून लावला, वर जाणारा हिरवा बाण आणि खाली येणारा लाल बाण. मी त्या हिरव्या बाणाकडे बघत बिस्किट खाल्लं. आंबट तेल कोणत्या टाकीत उतरतं, हे मला माहीत होतं. चौदा नंबरमध्ये. झाकण कोण उघडतं, हेही. ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या रकान्यांत होत्या आणि त्यांची बेरीज करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी साडेसात वाजून गेले, आठ वाजले, फोन नाही. मी चिडले. भिंगरीची बस यायची होती, तिचा एक बूट सापडत नव्हता. मी एका हातानं सोफ्याखाली चाचपत दुसऱ्या हातानं कारखान्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि म्हणाले, “आजचा आकडा अजून नाही. तुमच्यामुळे सगळा तक्ता अडतो.” पलीकडे गडबड होती. कुणीतरी म्हणालं, “मॅडम, इथे जरा प्रॉब्लेम झालाय. कालच्याइतकाच लिहा आज.” मी लिहिला. बूट सापडला. दुपारी अहवालात एक ओळ आली: ‘टाकी चौदा, एका कर्मचाऱ्यास चक्कर. किरकोळ.’ पुढच्या रकान्यात शून्य. नंतर कळलं ते असं, की मामा झाकणाजवळ कठड्याला टेकून बसलेले सापडले, फीत अजून आत सोडलेली. किती वेळ बसले होते ते कुणाला माहीत नाही, कारण मोजायला दुसरा कुणी नव्हता. खालून पाइपवाल्यांनी हाक मारली तर त्यांनी उत्तरही दिलं म्हणे, “येतोय, येतोय.” ते विनोद करतायत असं पाइपवाल्यांना वाटलं.

दीड महिन्यानं त्यांचा फोन आला तो घरून. नोकरी संपली होती, वेळेआधी. “बरा आहे गं मी. ठणठणीत. फक्त नाक गेलं.” मी विचारलं, “गेलं म्हणजे?” “गेलं म्हणजे गेलं. साबण नाही, घाम नाही, काही नाही. डॉक्टर म्हणतो येईल तर येईल. तुझी मामी असती तर सुटली असती बघ, करपलेलंसुद्धा मुकाट्यानं खाल्लं असतं मी.” आणि मी, जिला त्यांनी तो नियम टाकीच्या माथ्यावर उभं करून शिकवला होता, मी काय म्हणाले? मी म्हणाले, “बरंच झालं की मामा, त्या गावात वास न आलेलाच बरा!” ते हसले. खूप हसले; मग थोडं थांबून म्हणाले, “तो शहाणा भेटला का गं?” मी म्हणाले, “मामा, मीटिंग आहे, नंतर करते.” मीटिंग नव्हती. त्यानंतर त्यांचे तीन फोन येऊन गेले. प्रत्येक वेळी मी पडद्यावर ‘डिपमामा’ ही अक्षरं बघत, थरथरणारा फोन टेबलावर पालथा घातला. पालथा घातला तरी थरथरतोच.

त्या मंगळवारी, जिन्यातून घरात आल्यावर, मी त्यांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. दुपारपर्यंत अकरा वेळा. मग कारखान्याच्या फाटकावर फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, “रिटायर माणसांचं आम्ही बघत नाही, मॅडम. शेजाऱ्यांना विचारा.” शेजारी कोण, हे मला कुठे ठाऊक होतं? जुन्या यादीत जोडीदाराचा नंबर सापडला. लागला, पण घंटी वेगळीच वाजली, लांबट, परदेशातली.

“ताई? तुम्ही होय! भिंगरी केवढी झाली?” मागे वारा होता आणि लोखंडावर काहीतरी आपटत होतं.

मी विचारलं, “कुठे आहात तुम्ही?”

“बाहेरच्या कारखान्यात. ठेकेदाराबरोबर आलो. घरच्यात काढलं, मग म्हटलं बाहेरच्यात जाऊ.”

“तिथे काय काम?”

“तेच की. डिप.”

“तिथे तर यंत्राचे काटे आहेत ना?”

तो हसला. “आहेत. आठवड्यातून दोनदा अडकतात. मग चढायचं. दोघांनी चढायचं, नियम आहे इथे. एकट्याला पायरीवर पाय ठेवू देत नाहीत.” तो म्हणाला, “ताई, मामांचा फोन लागत नाही हो. दोन रविवार झाले. मी रविवारी करतो नेहमी. तुम्ही कचेरीत आहात, बघा ना कुणाला पाठवता येतं का.”

“बघते,” मी म्हणाले.

“कसं आहे, मी विचारायचो. तेवढंच माझं काम होतं. आता तिकडे विचारायला कुणी नाही.” मग मला म्हणाला, “तुमचा आवाज का असा येतोय? रडताय का?” मी म्हणाले, सर्दी आहे. ते खोटं नव्हतं.

एकही माणूस लागत नाही, आपल्याकडे दोन. अर्धविरामाच्या एका बाजूचं खोटं निघालं आणि दुसऱ्या बाजूचं मी खोटं करून दाखवलं होतं. मी टेबलाशी बसून त्या तिमाहीच्या रकान्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं लाज म्हणजे एकदम येणारी गोष्ट, तोंडावर पाणी मारल्यासारखी. तशी ती येत नाही. ती हळूहळू वाढते, आणि जास्त झाली की वाटेनाशी होते. माणूस बिस्किटं खातो.

गुरुवारी भिंगरीचा ताप उतरला. तिला सासूबाईंकडे सोडून मी पहाटेची बस धरली. पर्समध्ये गॅसचा वास लागला की ओरडणारं एक छोटं यंत्र होतं. ते विकत घेतलं तेव्हा मला फार हलकं वाटलं होतं. तेवढ्यानं काहीतरी फिटेल असं. सहा तास मी वाक्य जुळवत होते. मामा, तो शहाणा मीच. मामा, ते मी लिहिलं. प्रत्येक थांब्यावर एखादा शब्द कमी होत गेला आणि कारखान्याचं गाव आलं तेव्हा नुसतं ‘मामा’ उरलं. कामगार वसाहतीमागची तीन मजली इमारत, सगळ्यात वरची खोली, गंजलेला कठडा. दारात उभी राहून मी वास घेतला. काही आलं नाही. पण माझ्या नाकावर माझा विश्वास उरला नव्हता, म्हणून मी दारावर थापा मारत सुटले, शेजारचं दार उघडेपर्यंत. मग आतून आवाज आला, “अरे हो, हो, टाकी फुटली का?”

जिवंत होते. बनियनवर होते, दाढी वाढलेली, आणि मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथूनच परत जावंसं वाटलं. फोन बादलीत पडला होता, एवढंच. “तुझा नंबर त्यातच बुडाला,” ते म्हणाले. “मला वाटलंच होतं, पोरगी कामात असेल.” त्यांनी चहा टाकला. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. त्यांनी बटण फिरवलं, काडी ओढली, ती विझली; मग दुसरी काडी शोधायला ते फळीकडे वळले, सावकाश, डबे हलवत, माझ्याशी बोलत, आणि शेगडी तशीच सूं करत राहिली. मी उठून बटण बंद केलं. ते वळून म्हणाले, “काय झालं?” मी म्हणाले, “काही नाही.” यंत्र दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, दाबलं, ते किंचाळलं. “अस्सं. आता घरीही माझ्या जागी यंत्र लावलंस होय?” ते हसून म्हणाले, नेहमीच्या थट्टेनं, आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवून टाकलं. “ओरडेल, पण विचारणार नाही ते.”

चहा झाला. त्यात दूध लागलेल्याची चव होती. त्यांना ते कळलं नव्हतं आणि मी ‘छान झालाय’ म्हणाले. निघताना त्यांनी विचारलंच. “तो शहाणा भेटला का गं कधी?” मी चप्पल घालत होते. चपलेचा पट्टा लावत मी म्हणाले, “नाही मामा.” ते म्हणाले, “जाऊ दे. असेल बिचारा लेकुरवाळा.” मी वर पाहिलं. ते दाराशी उभे होते आणि माझ्याकडे फार मायेनं बघत होते. त्यांना माहीत आहे का, हे मला त्या दिवसापासून आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी उंबऱ्याबाहेर जाऊन, का कोण जाणे, विचारलं, “वास येतोय का हो मामा आता थोडा थोडा?” ते लगेच म्हणाले, “येतोय.” आणि मी जिना उतरले. ‘कसा?’ हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते अडखळले असते, आणि मग मला कॉलर धरावी लागली असती; आणि हात पुढे करायचा तर आधी तोंड दाखवायला हवं होतं.

परवा जोडीदाराचा फोन आला. म्हणाला, मामा म्हणतायत ते यंत्र काहीही तळलं तरी ओरडतं, म्हणून त्यांनी त्याचे सेल काढून रेडिओत घातले. त्यांनी नवा फोन घेतल्यापासून मी रोज सकाळी साडेसातला त्यांना फोन करते. ते ‘येतोय’ म्हणतात, मी ‘बरं’ म्हणते. फोनवरून ‘कसा’ विचारून काय होणार, असं मी मनाशी म्हणते. पाठ केलेली आणखी एक गोष्ट.

म्हणून हे तुम्हाला सांगतेय. तुमच्यापैकी कुणी अशा कारखान्याच्या गावात राहत असेल, कामगार वसाहतीमागे तीन मजली इमारत असेल आणि वरच्या खोलीत एकटा म्हातारा असेल, सगळे ज्याला मामा म्हणतात असा, तर एकदा वर चढून जा. ते दार उघडतील, चहाला बसा म्हणतील. विचारा, वास येतोय का. ते म्हणतील, येतोय. तेवढ्यावर परत फिरू नका. कसा, म्हणून विचारा. ते म्हणतील, तुझ्या मोज्यांसारखा. ते त्यांना पाठ आहे. तुम्ही हसू नका. आत जा आणि शेगडीची बटणं स्वतः बघा.